एक माड वगळून

माझा हक्क सोडायच्या दिवसाची सगळी तयारी मीच केली. आमच्या घरात माझ्याकडे आलेलं काम वेळेवर होतं, म्हणून सगळी कामं माझ्याकडेच येतात. मुंज, बारसं, गॅसची टाकी, आईचे चष्मे, भावाचं रेशनकार्ड. तेव्हा माझं नाव माझ्या वडिलांच्या वाडीवरून काढायचं ठरलं, तर ते काढण्याची यादीही मीच करणार, हे कोणालाच वेगळं वाटलं नाही. मलाही नाही. आधारकार्ड, पॅनकार्ड, फोटो, दोन साक्षीदार, आईच्या गुडघ्यासाठी उशी, पाण्याच्या बाटल्या. वकिलाची वेळ मी घेतली, रिक्षा मी सांगितली.

वाडी किहीमच्या जरा पुढे, समुद्राकडे. नारळ, सुपारी, मधोमध विहीर आणि रस्त्याकडून घर. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली: आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. भावाला वाडीत मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्यासाठी कर्ज हवं होतं, आणि बँकेतला माणूस त्याला म्हणाला होता की जमिनीवर एकट्याचं नाव असलं की काम सोपं होतं. झालं. आईने आणि मी हक्कसोडपत्रावर सही करायची, की वाडी एकट्या भावाची.

आमच्याकडे बहिणी सही करतात. उन्हाळ्यात पापड लाटतात, तशी सही करतात. त्या दिवशी भाऊ साडी देतो, वहिनी जेवायला घालते, आणि ‘तुझं माहेर कुठे जातंय’ असं प्रत्येक जण एकदा तरी म्हणतं. मी अलिबागला राहते, नोकरी करते, वाडीत महिन्यातून एकदा जाते. मी सही करणार हे इतकं ठरलेलं होतं की मला कोणी विचारलंही नव्हतं. भावाने फोन करून थेट एवढंच विचारलं होतं, “ताई, मंगळवार चालेल की बुधवार?”

नवऱ्याने साक्षीदार व्हायचं कबूल केलं, पण मत द्यायला नकार दिला. “तो तुमच्या घरचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. त्याच्या घरचा प्रश्न होता, तेव्हा माझ्या दोन्ही नणंदांनी सह्या केल्या होत्या. त्या दिवशीचं श्रीखंड मी केलं होतं. ते जरा घट्ट झालं, यापलीकडे त्या व्यवहारावर आमच्यात कधी चर्चा झालेली नाही.

वकिलांचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर. आईला जिना चढवेपर्यंत भावाने दोनदा घड्याळ पाहिलं. वकील साठीच्या आसपासचे, तोंडात सतत खोकल्याची गोळी. वाक्य संपलं की ती गोळी एका गालातून दुसऱ्या गालात जायची आणि आम्हाला कळायचं, आता पुढचा प्रश्न. त्यांनी मसुदा वाचायला घेतला. सगळं नीट होतं. मी लिहून दिलेली नावं, गट नंबर, सगळं.

तेवढ्यात भावाच्या मनात आलं की आपण मोठ्या मनाचे आहोत.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “एक लिहायचं राहिलं. ताईचा माड ताईचाच राहील. तसं घाला त्यात.”

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे मुलगी झाली की तिच्या नावाने वाडीत एक माड लावतात. तिच्या लग्नानंतर त्या माडाचे नारळ तिच्या सासरी जातात. माझा माड विहिरीजवळ आहे. मागच्या मोठ्या वादळात त्याच्या दोन्ही बाजूंचे माड आडवे झाले, हा नुसता वाकला. भावाच्या जन्माला माड लावला नव्हता. सगळेच माड त्याचे, तर वेगळा लावायचा कशाला, असा त्यामागचा साधा विचार.

“राहू दे रे,” मी म्हटलं. “लिहायचं काय त्यात?”

“नाही, नाही. उद्या कोणी म्हणायला नको की भावाने बहिणीचा माडसुद्धा घेतला. लिहा साहेब. एक माड वगळून.”

वकिलांनी पेनचं टोपण काढलं. “कुठला माड?”

“विहिरीच्या उजवीकडचा.”

“कोणाच्या उजवीकडचा? तोंड कुठे करून उभं राहायचं?”

भाऊ खुर्चीतून उठला आणि ऑफिसात मधोमध विहीर आहे असं धरून तिच्याभोवती फिरला. साक्षीदार म्हणून आलेला माझा नवरा पाय आवरून बसला, विहिरीत पडायला नको म्हणून.

“अहो, कपडे वाळत घालायची दोरी बांधतो ना, तो माड,” आई म्हणाली.

“दोरीचं दुसरं टोक?”

“न्हाणीघराच्या खिळ्याला.”

“मग ती दोरी,” वकील म्हणाले, “ताईंच्या माडाला बांधलेली. म्हणजे ताईंची परवानगी लागेल. का दोरीचा हक्क भावाकडे राखून ठेवायचा?”

भाऊ हसला. वकील हसले नाहीत. त्यांनी लिहिलं. ते खरोखर लिहीत होते.

“आता ताई, नुसता माड की माडाखालची जागा? झाड तुमचं, जमीन भावाची, असं असेल तर उद्या त्यांनी बुंध्याला लागून भिंत घातली, तर तुम्ही काय करणार?”

माझा स्वभाव असा की कोणी नीट प्रश्न विचारला तर मी नीट उत्तर देते. मला उत्तर अर्धं ठेवताच येत नाही. माझ्या मनात तेव्हा काहीही वाकडं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी फक्त उत्तरं देत गेले.

“आळं तरी लागेल,” मी म्हटलं. “पाणी घालायला, खत घालायला.”

“किती मोठं?”

“झावळ्यांचा घेर असतो तेवढं.”

“लिहिलं. पाणी कुठून?”

“विहिरीचं.”

“विहीर भावाची होणार.”

“मग पाणी कुठून आणू? अलिबागहून बादली घेऊन येऊ?”

“तेच म्हणतोय मी. विहिरीचा हक्क लिहायला पाहिजे. आणि पंपाचा.” गोळी दुसऱ्या गालात गेली. “नारळ पडतात कुठपर्यंत?”

“न्हाणीघराच्या पत्र्यापर्यंत,” मी म्हटलं.

“अगो, त्या वर्षी तर माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर पडला,” आई म्हणाली. “मी आत आंघोळ करत होत्ये. मला वाटलं, आकाशच आलं.”

“पत्र्यावर पडलेला नारळ कोणाचा?” वकिलांनी विचारलं.

“ताईचाच,” भाऊ म्हणाला. त्याचं मन अजून मोठं होतं, पण आवाज थोडा बारीक झाला होता.

“मग तो घ्यायला ताई न्हाणीघरावर चढणार. चढण्याचा हक्क?”

“मी चढत नाही,” मी म्हटलं. “पाडणारा असतो, तो चढेल.”

“ताई किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती,” वकील पुटपुटले आणि लिहिलं.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. वहिनी होती. तिचा आवाज फोनबाहेर आम्हा सगळ्यांना ऐकू येतो. “झाली का सही? कोलंबीचं कालवण गरम करू की थांबू?”

“थांब जरा,” भाऊ म्हणाला. “माड लिहितायत.”

“काय लिहितायत?”

त्याने फोन ठेवला.

“आता येण्याजाण्याची वाट,” वकील म्हणाले. “रस्त्यावरून माडापर्यंत ताई कशा जाणार?”

“फाटकातून, अंगणातून, सरळ.”

“पायी?”

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. पण गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांचे नारळ मीच वाडीतून नेते. त्याची वेगळी यादी असते, कोणाला सोललेले, कोणाला शेंडीचे. ते सगळं सामान नेतं कोण, तर टेम्पो. दरवर्षी मीच ठरवते.

“टेम्पोने,” मी म्हटलं.

“टेम्पो?” भाऊ म्हणाला. “ताई, एका माडाचे नारळ! पिशवीत मावतात!”

“गणपतीत मावत नाहीत.”

“ते माझ्या माडांचे असतात गणपतीत! तू माझ्याकडून घेतेस!”

“हो, पण टेम्पो माझा असतो.”

“टेम्पोची वाट,” वकिलांनी लिहिलं. “मग रुंदी तेवढी. आणि टेम्पो आत गेला की वळणार कुठे? विहिरीला वळसा घालता येतो?”

“येत नाही,” मी म्हटलं. मला हे फार चांगलं माहीत आहे. एकदा टेम्पोवाल्याने उलटा काढताना वहिनीची तुळस पाडली होती, आणि त्यावरून वहिनीने आठवडाभर मलाच सुनावलं होतं. “वळायला विहिरीच्या पलीकडे मोकळी जागा लागते. सुपारीच्या आधी आहे ना, ती.”

भाऊ एकदम पुढे सरकला. “तिथे माझ्या खोल्या आहेत!”

“कुठे आहेत?” आईने विचारलं. “मला तर दिसल्या नाहीत.”

“बांधायच्या आहेत गं, आई!”

“मग आहेत असं का म्हणतोस?”

वकिलांनी मसुद्याची पाठची कोरी बाजू उलटली आणि त्यावर वाडी काढली. हात चांगला होता त्यांचा. घर, विहीर, न्हाणीघर, माझा माड, माडाभोवती झावळ्यांचा गोल, नारळ पडण्याचा त्याहून मोठा गोल, दोरी, फाटकापासून टेम्पोची वाट आणि विहिरीपलीकडे टेम्पो वळायची जागा. मग त्यांनी भावाकडे राहणाऱ्या भागावर बारीक रेघा मारायला सुरुवात केली. घर रेघांत आलं. सुपारीची रांग आली. आणि न्हाणीघर आणि कुंपणाचा दगडी गडगा यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आली.

“इथे एक खाट राहील,” माझा नवरा म्हणाला. सबंध सकाळचं हे त्याचं पहिलं वाक्य. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो म्हणाला, “मत नाही. माप सांगतोय.”

“आणखी दोन मुद्दे,” वकील म्हणाले. “ताईंच्या पश्चात माड कोणाचा?”

“माझ्या मुलीचा,” मी म्हटलं.

“ती पुण्याला असते!” भाऊ म्हणाला. “ती येणार टेम्पो घेऊन?”

“तिला गाडी येते,” मी म्हटलं.

“आणि माड पडला तर? हक्क संपला?”

“संपला,” भाऊ इतक्या पटकन म्हणाला की आईने त्याच्या मांडीवर चापट मारली.

“अरे, बहिणीच्या माडाबद्दल असं बोलतात? पडला तर तिथेच दुसरा लावायचा. लिहा हो, दुसरा लावायचा. रोप मी देईन.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. चष्मा वर केला. भावाकडे न बघता ते माझ्याकडे बघत म्हणाले, “ताई, माड, जागा, विहीर, पंप, वाट, टेम्पोचं वळण आणि तुमच्या मुलीपर्यंतचा वारसा. एवढं सगळं ठेवायचं, तर आज तुम्ही नेमकं सोडताय काय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नीट प्रश्न होता, नीट उत्तर द्यायला हवं होतं. पण उत्तर सापडेना. मी तो नकाशा पाहत होते. वाडीत मी जन्मापासून फिरले, पण ती अशी वरून, कागदावर, कधी पाहिली नव्हती. पाणी, वाट, सावली, पडलेला नारळ, हे सगळं मी महिन्यातून एकदा वापरत होते आणि समजत होते की ते भावाच्या चांगुलपणामुळे मिळतंय. त्याच्या चांगुलपणात खोट नव्हती. पण रेघा मारलेला भाग बघितल्यावर मला स्वच्छ कळलं की सही केली, तर उद्यापासून मला माझ्या माडाला पाणी घालायलासुद्धा त्याचा मूड पाहावा लागेल. आणि त्याचा मूड मला लहानपणापासून माहीत आहे. सायकलची घंटा वाजवू द्यायला त्याने एक पूर्ण दिवाळी लावली होती.

“मला वाटतं,” मी म्हटलं, “मी काहीच सोडत नाहीये.”

“ताई!”

“तूच म्हणालास, लिहा.”

“मी माड म्हणालो!”

“माड असाच असतो रे. त्याला पाणी लागतं.”

आता वकील आईकडे वळले. “आजी, तुम्ही? तुम्हाला समजलंय ना, तुम्ही काय सोडताय ते?”

“मी?” आई म्हणाली. “मी कुठे सोडत्ये? मी हिच्या सोबतीला आल्ये.”

“तुमचंही नाव आहे सातबाऱ्यावर. तिसरा हिस्सा तुमचा.”

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. वडील जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं, आणि त्या वर्षात आई मोदकाला नारळ हवा असला तरी भावाला हाक मारून विचारायची, ‘एक पाडू का रे?’ आम्ही दोघांनी ते कितीदा ऐकलेलं. भाऊ दरवेळी ‘पाड की’ म्हणायचा. कोणालाच त्यात काही विचित्र दिसलं नव्हतं.

“माझा तिसरा हिस्सा,” आई म्हणाली. “आणि मी याला विचारत्ये नारळ पाडू का?”

“आई, तू विचारतेस, मी कधी नाही म्हणालो?”

“अरे मेल्या, पण तू विचारलंस का मला एकदा तरी?”

यावर वकिलांनी खोकल्याच्या गोळ्यांची डबी आम्हा सगळ्यांपुढे धरली. सगळ्यांनी एकेक घेतली. ऑफिसात सगळ्यांच्या गोळ्या दातांवर वाजायला लागल्या. मग फोन वाजला.

“कालवण!” वहिनी ओरडली.

आम्ही सही न करता घरी गेलो. रिक्षात आई मध्येच एकदा म्हणाली, “तिसरा,” आणि पुन्हा बाहेर बघत बसली. वहिनीने पानं घेतली होती. साडी पाटावर ठेवलेली, वर हळदकुंकू. भावाने तिला झालेलं सांगितलं, तेव्हा ती डावातला भात हवेत धरून उभी राहिली.

“म्हणजे ताईंचं नाव राहणार.”

“हो.”

“आईंचंही राहणार.”

“हो.”

“आणि माझं?”

“तुझं कुठे होतं?” भाऊ म्हणाला. वाईट हेतूने नाही, खरोखर माहिती म्हणून.

“तेच,” वहिनी म्हणाली. “माझ्या माहेरी मी सही करून आले. साडी मिळाली, तिला अजून फॉल लावायचा राहिलाय. इथे मी रोज पाणी सोडते, तर इथे नाव नाही. बरं आहे. मला कशात जबाबदारीच नको.” आणि तिने भावाच्या पानात भात असा आपटला की कालवण उडून माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यावर आलं. साडीचं मी विचारलं, परत ठेवू का म्हणून. “घेऊन जा हो ताई,” ती म्हणाली. “आमच्या घरातली ही पहिली साडी, जिला सही लागली नाही.”

भाऊ दोन महिने माझ्याशी तुटक बोलला. गणपतीला नारळ आणायला गेले, तर टेम्पोसमोर हात बांधून उभा. “वळव,” म्हणाला, “वळव तुझ्या हक्काच्या जागेत.” मग टेम्पोचं चाक झाडांना पाणी द्यायच्या पाटात अडकलं आणि त्यालाच मागून ढकलावं लागलं. ढकलता ढकलता तो हसायला लागला. चाक निघेना, म्हणून मीही मागे गेले. तिथे, चिखलात उभं राहून, मी त्याला सांगितलं की खोल्या बांधायला माझी हरकत नाहीच. नाव काढायला आहे. कर्जावर तिघांच्या सह्या चालतात का ते मी बँकेत विचारून आले होते. चालत होत्या. कागद वाढतात, एवढंच. कागदांचं काम माझ्याकडे.

“आणि टेम्पोचं वळण?”

“खोल्या थोड्या मागे घे.”

“सुपारी जाईल चार झाडं.”

“आईला विचार,” मी म्हटलं. “तिचा तिसरा हिस्सा आहे.”

त्याने आईला विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा. आईने दोन दिवस विचार करते म्हणून सांगितलं आणि त्याला खरोखर दोन दिवस ताटकळत ठेवलं. मग हो म्हणाली.

मागच्या महिन्यात गवंडी आला. मी रजा काढून गेले होते. आई विहिरीच्या कठड्याजवळ खुर्ची टाकून बसली होती, भाऊ हातात जागा आखायच्या चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन. गवंड्याने जागा पाहिली, टेप गुंडाळला आणि नेहमीच्या सवयीने भावाकडे वळून विचारलं, “मालक, संडासाचा दरवाजा कुठं ठेवायचा?”

भावाने तोंड उघडलं, मग मिटलं आणि आमच्याकडे पाहिलं. “मालक तिघं हायत,” तो गवंड्याला त्याच्याच बोलीत म्हणाला, जरा वैतागून.

“मग तिघांनी सांगा.”

आम्ही तिघांनी एकदमच बोटं पुढे केली. भावाने समुद्राकडे दाखवलं, पाहुण्यांना वारा लागेल म्हणून. मी विहिरीच्या उलट्या बाजूला, कारण वास. आईने फाटकाकडे, म्हणजे कोण जातंय येतंय ते तिला खुर्चीतून दिसेल.

गवंडी आमच्या तीन बोटांकडे बघत उभा राहिला. आम्ही भांडायला सुरुवात केली. आई म्हणाली, तिचा हिस्सा वयाने मोठा. भाऊ म्हणाला, हिश्शाला वय नसतं. मी म्हटलं, वाऱ्याची दिशा पावसाळ्यात बदलते, ते कोणी धरलंय का? बराच वेळ झाला. चहा घेऊन वहिनी कधी बाहेर आली ते आम्हाला कळलंच नाही. तिने कपबश्यांचा ट्रे गवंड्याच्या हातात दिला, भावाच्या हातातली फक्की घेतली आणि खोल्यांच्या घराकडच्या बाजूला एक आडवी रेघ मारली.

“इथे,” ती म्हणाली.

“अगं, पण तिथे कशाला?” भाऊ म्हणाला. “तुझं यात...”

“मोरीची बादली इथून जवळ पडते. पाहुणे गेले की तो घासणार कोण? तुम्ही?”

भावाने हातांना लागलेली फक्की झटकली.

“ताई, तुम्ही येणार अलिबागहून?”

“नाही,” मी म्हटलं.

“आई, तुम्ही?”

“माझे गुडघे,” आई म्हणाली.

“मग झालं,” वहिनी म्हणाली, आणि फक्कीचे हात पदराला पुसत आत गेली. गवंड्याने चहा संपवला, कप माझ्या हातात दिला आणि तिच्या रेघेवर कुदळ मारली.